मदत हवी आहे: दिवाळीत आईबाबांसोबत व्हिएतनाम, होई आन आणि 'मी सन'चं काय करू?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जायचं घरात जवळपास पक्कं झालंय. दिवाळी नोव्हेंबरात आहे. भाऊबीज झाली की निघायचं आणि शाळा उघडायच्या आत नाशिकला परत यायचं. आम्ही दोघं, सातवीतली लेक आणि सासूसासरे. आई पासष्टीच्या आहेत, गुडघे दुखतात, पायऱ्या फारशा चढवत नाहीत. पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. बाबा सत्तरी ओलांडलेले, पण चालायला अजून खणखणीत.

तीन-चार टूरवाल्यांकडून कार्यक्रम मागवला. सगळ्यांचा साचा एकच: हनोई, हा लाँगची बोट, दा नांग, बा ना हिल्सवरचा सोनेरी पूल, होई आनचे कंदील, मग हो ची मिन्ह सिटी आणि कु चीचे युद्धकाळातले बोगदे. मी सन या जुन्या देवळांच्या जागेचं नाव एकाच कार्यक्रमात आहे, तेही 'वेळ उरल्यास'.

आमचा हा सगळा खटाटोप खरं तर मी सनसाठी सुरू झाला. बाबांना देवळांचा आणि मूर्तींचा फार नाद. वेरूळ, पट्टदकल, हंपी, महाबलीपुरम सगळं पाहून झालंय. आपल्या पुरातत्त्व खात्याने मी सनच्या देवळांची डागडुजी केली आणि त्या कामात शिवलिंग सापडलं, हे वाचल्यापासून ते ही देवळं बांधणाऱ्या चंपा या जुन्या राज्याविषयी मिळेल ते वाचतात. सहलीसाठी त्यांनी स्वतःहून एखादी जागा सुचवल्याचं मला तरी आठवत नाही. त्यामुळे बाकी काही गळलं तरी चालेल, पण हे व्हायला हवं.

आता अडचण. २०२५च्या ऑक्टोबरअखेर होई आनला पूर आला होता, गल्ल्यांतून होड्या चालल्याची दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली. टूरवाल्याला विचारलं तर म्हणतो, तिथे पाऊस म्हणजे दुपारी तासभर, काळजी करू नका. हे खरं आहे का? ज्येष्ठांना घेऊन नोव्हेंबरात मध्य व्हिएतनामला जावं का? नसेल जायचं तर काय बदलू? आईंच्या जेवणाचं कसं जमेल? विमानाची तिकिटं अजून काढलेली नाहीत, म्हणून आत्ताच विचारतेय. आगाऊ धन्यवाद.

---

रानवाटा

दुपारी तासभर पाऊस हे वर्णन दक्षिणेचं आहे, सायगावकडचं, म्हणजे हो ची मिन्ह सिटीकडचं. तिकडे पावसाळ्यात सर येते, रस्ते धुऊन निघतात आणि पुन्हा ऊन पडतं. दा नांग, होई आन, ह्वे या मधल्या पट्ट्यात तसं नसतं. तिथे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे वर्षातले सगळ्यात पावसाचे महिने, आणि लागला की दिवसचे दिवस लागतो.

कारण भूगोलात आहे. आपल्याकडे नैर्ऋत्येचे ढग सह्याद्रीला अडतात आणि कोकण भिजतं, तसे तिथे ईशान्येचे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि चुओंग सनच्या रांगेला अडतात. डोंगर किनाऱ्याला अगदी लागून आहेत, त्यामुळे पडलेलं पाणी नदीतून बघता बघता खाली येतं. त्याच सुमारास वादळंही येतात. होई आन थू बोन नदीच्या मुखाशी, अगदी सखल जागी वसलंय. जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांत भिंतीवर पुराच्या खुणा आणि वर्षं लिहून ठेवलेली दिसतात. १९६४चा पूर तर तिथले लोक अजून सांगतात. काही घरांत माल वर ओढून घ्यायला माळ्याला झडप ठेवलेली आहे. दर पावसाळ्यात पाणी येणार हे गृहीत धरून बांधलेलं गाव आहे ते.

देश उत्तर-दक्षिण इतका लांब आहे की हनोई ते सायगाव रेल्वेमार्गच १७२६ किलोमीटरचा. एकाच आठवड्यात तीन ठिकाणी तीन वेगळे ऋतू असतात. नोव्हेंबरात हनोई छान कोरडं आणि गार असतं, दक्षिणेत पाऊस आवरत आलेला असतो, आणि मध्ये तो ऐन भरात. टूरचे कार्यक्रम बारा महिने तेच छापलेले असतात, ते या हिशोबाने केलेले नसतात.

---

कोवळं_ऊन

थोडी दुसरी बाजू. आम्ही नोव्हेंबरातच गेलो होतो. होई आनला एक दिवस झिमझिम होती, बाकी ऊन. गर्दी कमी होती, हॉटेलही स्वस्तात मिळालं. म्हणजे अगदी फुलीच मारावी असं नाही. पण आम्ही तरुण चौघं होतो आणि पुढचं काही आरक्षण केलेलं नव्हतं. पाऊस लागला असता तर बॅगा उचलून दुसरीकडे गेलो असतो. आईंचे गुडघे आणि परतीचं ठरलेलं विमान असताना ती मोकळीक राहत नाही.

---

गोदाकाठ

रानवाटा, इतकं स्वच्छ कुणी सांगितलंच नव्हतं, आभार. कोवळं_ऊन, तुमचंही पटलं. म्हणजे दोनच मार्ग दिसतात: नोव्हेंबरात जायचं तर मधला भाग सोडायचा, किंवा मी सन ठेवायचं तर महिना बदलायचा. लेकीची मे महिन्याची सुट्टी आहेच. पण मेमध्ये उकाडा किती असतो? बाबांना सोसेल का?

---

सायगावस्थ

मी नोकरीनिमित्त हो ची मिन्ह सिटीत राहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मध्य व्हिएतनामसाठी फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात उत्तम. मे ते ऑगस्टही तिथे कोरडेच महिने, पण गरम. मेमध्ये दा नांगला तापमान तेहतीस-चौतीसच्या घरात जातं आणि हवेत दमटपणा. नाशिकच्या कोरड्या उन्हापेक्षा मुंबईचा मे डोळ्यांसमोर आणा. सोसणार नाही असं मुळीच नाही, फक्त दिवस वेगळा बांधायचा. तिथे मेमध्ये सव्वापाचच्या सुमारास उजाडतं. सहाला बाहेर पडायचं, दहापर्यंत पाहून घ्यायचं, दुपारभर हॉटेलात विश्रांती आणि चारनंतर पुन्हा बाहेर. दा नांगचे लोक स्वतः असंच करतात. पहाटे पाचला 'मी खे' या तिथल्या किनाऱ्यावर गेलात तर आजीआजोबांची गर्दी असते, कुणी पोहतंय, कुणी व्यायाम करतंय. तुमच्या आईबाबांना ते आवडेल.

एक तारीख मात्र टाळा. ३० एप्रिल आणि १ मे या इथल्या राष्ट्रीय सुट्ट्या. १९७५ साली ३० एप्रिलला सायगाव पडलं आणि युद्ध संपलं, तो दिवस. त्या आठवड्यात सगळा देश दा नांगला लोटतो, हॉटेलं आणि विमानं दोन्ही महागतात. ८-१० मेच्या पुढे या.

दुसरं, आठवड्याभरात तिन्ही भाग करू नका. त्या छापील कार्यक्रमात दर दुसऱ्या दिवशी बॅग भरायची, विमानतळावर दोन तास बसायचं, रात्री उशिरा नव्या हॉटेलात शिरायचं असं होतं. ज्येष्ठांना चालण्यापेक्षा याचाच जास्त थकवा येतो. दोन मुक्काम करा: हनोई आणि दा नांग किंवा होई आन. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, साधारण पाच तासांचं. हनोई ते दा नांग विमान दीड तासाच्या आत पोचवतं. दक्षिण सोडा. मी इथे राहत असूनही हेच सांगेन. कु चीचे बोगदे अरुंद आहेत, आईंना त्यात उतरता येणारच नाही, आणि मेकाँगची बोटीची सहल एका दिवसात उरकली तर हाती फार काही लागत नाही.

आणि समजा नोव्हेंबरातच यायचं झालं, तर हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग आणि शेवटी फू क्वॉक बेट असं करा. फू क्वॉक थायलंडच्या आखातात आहे, तिथे नोव्हेंबरात पावसाळा ओसरून चांगले दिवस लागायला सुरुवात होते. सहल छान होईल. पण बाबांचं मी सन त्यात नाही, हे तुम्ही सुरुवातीलाच लिहिलंय, म्हणून माझं मत मे महिन्याला.

---

केळफूल

आईंच्या जेवणाबद्दल. भीती बाळगू नका, पण ढिलाईही नको.

तिथल्या रोजच्या स्वयंपाकात माशाचा रस मिठासारखा पडतो. नुसती भाजी दिसली, टोफू दिसला म्हणून शाकाहारी समजू नका. लसूण घालून परतलेली हिरवी पालेभाजी प्रत्येक हॉटेलात मिळते, पण तिच्यातही तो असू शकतो. यावर तिथलाच उपाय आहे. व्हिएतनामात बौद्ध लोक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, शाकाहार पाळतात. काही जण बारा महिने पाळतात. त्यामुळे प्रत्येक गावात निव्वळ शाकाहारी खानावळी असतात. पाटीवर सी, एच, ए, वाय ही रोमन अक्षरं शोधा. उच्चार आपल्या हिंदी 'चाय'च्या जवळ जातो. 'आन चाय' म्हटलं की आम्ही शाकाहारी आहोत हे समोरच्याला कळतं. कडक पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य मानतात, तेव्हा कुणाला तेही चालत नसेल तर हाच आसरा.

आईंना एक आधी सांगून ठेवा. या खानावळींत सोया आणि गव्हापासून केलेले हुबेहूब मांसासारखे दिसणारे पदार्थ असतात. माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी ताट बघून उठायलाच निघाल्या होत्या. ते नको असेल तर टोफू, मशरूम, भाज्या आणि भात मागवा. अंडं मात्र काही ठिकाणी शाकाहारात धरतात, म्हणून ते वेगळं सांगायचं. हनोईची प्रसिद्ध अंड्याची कॉफी त्यांच्यासमोर येऊ देऊ नका, बलक फेटून घातलेला असतो. दुधाची बर्फ घातलेली कॉफी द्या, आटवलेल्या गोड दुधाची असते, आईंना आवडेल.

हनोई आणि दा नांग दोन्हीकडे भारतीय हॉटेलं आहेत. शिवाय बऱ्याच खोल्यांत विजेची किटली असते, तेव्हा उपमा-पोह्यांची तयार पाकिटं आणि थेपले बरोबर असू द्या. फळांची चंगळ आहे: रामबुतान, पोमेलो, आंबे, ड्रॅगन फळ. रात्री भूक मोडायला तेवढं पुरतं.

---

पाथरवट

बाबांसाठी लिहितोय. माझाही हाच नाद.

मी सन होई आनपासून साधारण चाळीस किलोमीटर. डोंगरांनी वेढलेली लहानशी दरी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन राजाने इथे भद्रेश्वराचं देऊळ बांधलं, राजाचं आणि देवाचं नाव एकत्र जोडून. ते लाकडी होतं, आगीत गेलं. सातव्या शतकात शंभुवर्मनने पुन्हा बांधलं. तेव्हापासून तेराव्या शतकापर्यंत एकामागून एक राजे इथे देवळं उभारत राहिले. शिलालेख संस्कृतात आणि जुन्या चाम भाषेत, म्हणजे चंपाच्या लोकांच्या भाषेत आहेत. सगळं विटांचं काम. विटा इतक्या घट्ट बसवल्यात की सांध्यात चुना-माती दिसतच नाही. त्या कशाने जोडल्या यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. झाडाचा डिंक वापरला असावा असं काही जण मानतात. कोरीव काम विटांवरच केलंय, आधी भिंत रचून मग कोरलेलं. वेरूळचा दगड पाहिलेल्या माणसाला हे हाताशी घेऊन बघावंसं वाटेल.

बाबांच्या मनाची तयारी असावी म्हणून सांगतो. तिथलं सगळ्यात भव्य देऊळ, ज्याला अभ्यासक ए१ म्हणतात, ते आज उभं नाही. १९६९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी बॉम्बफेकीत ते कोसळलं. बॉम्बने पडलेले खड्डे देवळांच्या मधोमध दिसतात, गवत उगवलेले. त्यापुढे उभं राहिलं की पोटात तुटतं. युद्धानंतर काझिमिएश क्वियात्कोव्स्की नावाच्या पोलिश वास्तुविशारदाने उरलेलं वाचवण्यासाठी अक्षरशः आयुष्य वेचलं. १९९७ला ते ह्वे शहरात काम करतानाच वारले. होई आनच्या जुन्या गावात त्यांचं स्मारक आहे, बाबांना तिथे जरूर न्या. १९९९ साली होई आन आणि मी सन दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत आली, त्यात या माणसाचा वाटा फार मोठा.

आपल्या पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने २०१७ ते २०२२ या काळात देवळांच्या ए, एच आणि के या गटांवर काम केलं. बाबांनी वाचलेलं शिवलिंग मे २०२०मध्ये मिळालं. नवव्या शतकातलं, अखंड वालुकाश्माचं. मार्गदर्शकाला सांगून ए गटात मुद्दाम जा. बहुतेक टोळ्या बी, सी, डी गटांत फोटो काढून परत फिरतात, कारण ते वाटेवर आधी लागतात.

आईंच्या गुडघ्यांसाठी: तिकीटघरापासून देवळांच्या जवळपर्यंत विजेची गाडी नेते. पुढे पायवाट बऱ्यापैकी सपाट आहे, थोडे चढउतार आणि मोजक्या पायऱ्या. बी-सी-डी गट त्या सहज पाहतील, मग सावलीत बसू शकतील. सकाळी उघडताउघडता पोचा. दहानंतर त्या दरीत वारा अडतो आणि बसगाड्याही येऊन थडकतात.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: मी सनच्या आधी दा नांगमधलं चाम शिल्पांचं संग्रहालय पाहा, नंतर नाही. मी सनमधल्या मूर्ती बऱ्याचशा तिथे नेऊन ठेवल्यात. देवळं आता रिकामी आहेत. फ्रेंचांच्या काळातली इमारत आहे, १९१९ला उघडलेली. मी सनच्या ई१ देवळातलं पीठ, म्हणजे मूर्तीखालचा चौथरा, तिथे आहे, त्यावर तप करणारे, वाद्यं वाजवणारे, शिकवणारे ऋषी कोरलेत. चा क्यू या ठिकाणचं पीठ आहे, नर्तकींचं. शिव, गणेश, स्कंद, गरुड सगळे भेटतात, पण चेहरे चाम माणसांचे, जाड ओठांचे, रुंद नाकाचे. हे पाहून मग दरीत गेलं की रिकाम्या गाभाऱ्यात काय असेल ते डोळ्यांपुढे येतं. अर्धा दिवस ठेवा. बाबांना तोही कमी पडेल.

एक विनंती. हे सगळं 'आपलं' म्हणून पाहू नका. चाम लोक आजही आहेत. निन्ह थुआन भागात त्यांच्यातले हिंदू पो क्लाँग गराईच्या देवळात काटे नावाचा सण करतात. देव आपल्या ओळखीचे असले तरी ही कला त्यांची आहे, आणि तशी पाहिली की जास्त भावते.

---

पायवाट

धाग्यावर कु चीचा उल्लेख आलाय म्हणून. महाराजांकडून गनिमी कावा शिकलो असं व्हिएतनामच्या राष्ट्राध्यक्षांनी म्हटल्याचा निरोप आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरतोय. त्याला कुठलाही आधार सापडत नाही. तिथल्या मार्गदर्शकाला विचारून त्याला अवघडून टाकू नका. महाराजांचं मोठेपण अशा निरोपावर अवलंबून नाही, आणि फ्रेंचांना दिएन बिएन फूच्या लढाईत हरवणाऱ्या व्हिएतनामी सेनापती व्हो न्युएन झापची लढाईही त्यांच्या स्वतःच्या मातीतून आलेली आहे.

---

टिपटिप

व्हिसाचं राहिलं. भारतीयांना ई-व्हिसा लागतो, लेकीचाही वेगळा. ऑगस्ट २०२३पासून तो नव्वद दिवसांपर्यंतचा मिळतो. एकदाच प्रवेशाला २५ डॉलर. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्यात शेवटी 'गव्ह डॉट व्हीएन' असतं. तशीच दिसणारी दलालांची पानं खूप आहेत, ती जास्त पैसे घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा, पैसे परत मिळत नाहीत.

नोटा सांभाळा. एका रुपयाचे साधारण तीनशे डोंग, त्यामुळे शून्यं फार. वीस हजारांची आणि पाच लाखांची दोन्ही नोटा निळ्या. संध्याकाळच्या उजेडात आईबाबांच्या हातून गल्लत होऊ शकते, म्हणून पाच लाखांच्या वेगळ्या खिशात ठेवा.

मिस्टरांना स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह झाला तर थांबवा. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८चा करार मानतं, त्यामुळे तो तिथे चालत नाही. अपघात झाला तर विमाही हात वर करतो. ग्रॅब या अॅपवरून मागवायची गाडी स्वस्त आहे, पाच जणांसाठी मोठी मागवा.

---

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला. पाथरवट, तुमचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि क्वियात्कोव्स्कींचं नाव डायरीत उतरवून घेतलं. मे महिना पक्का. तिथल्या राष्ट्रीय सुट्टीची तारीख टाळून दहा मेच्या पुढे निघू. हनोई आणि मध्य व्हिएतनाम, दक्षिण नाही. नोव्हेंबरात घरीच दिवाळी.

आता शेवटचे दोन प्रश्न. मुक्काम दा नांगला करू की होई आनला? आणि उत्तरेत हा लाँग की निन्ह बिन्ह? दोन्ही करण्याचा हट्ट नाही.

---

सायगावस्थ

मुक्काम होई आनला, जुन्या गावाच्या अगदी आत नको, चालत दहा मिनिटांवर. आतल्या गल्ल्यांत बहुतेक वेळ गाड्यांना बंदी असते, बॅगा ओढत जावं लागतं आणि आईंचे हाल होतील. होई आनहून मी सन जवळ, दा नांग तीसेक किलोमीटर. विमानातून उतराल त्या दिवशीच वाटेत संग्रहालय करा, गाडीवाला बॅगांसकट थांबतो. दुपारी दीड-दोन तास झोपून कंदील बघायला रात्री बाहेर पडता येईल. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या गावात विजेचे दिवे मालवतात आणि कंदीलच राहतात. पौर्णिमेच्या आदल्या रात्रीशी जुळतंय का ते तारखा ठरवतानाच पाहा. सोनेरी पूल लेकीला हवा असेल तर तिला आणि मिस्टरांना पाठवा. रोपवे छान आहे, पण वर गर्दी फार आणि आईबाबांसाठी तिथे विशेष काही नाही.

उत्तरेत मी हा लाँग निवडेन, तेही एका रात्रीच्या बोटीसह. हनोईहून दिवसभरात जाऊन येणं म्हणजे पाच तास गाडीत. बोटीवर रात्र काढली तर आईंना कुठेच चढायचं नाही, डेकवर खुर्ची टाकून बसलं की डोंगर समोरून सरकत राहतात. गुहा आणि ती टॉप बेटाचा माथा, दोन्हीकडे भरपूर पायऱ्या. तेवढा वेळ त्या बोटीवरच थांबू शकतात, तसं आधी सांगून ठेवा. बोटीला शाकाहाराचं आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा, समुद्रात गेल्यावर काही करता येत नाही. शेजारच्या लान हा उपसागरातल्या बोटी मिळाल्या तर त्या घ्या, वर्दळ कमी असते. निन्ह बिन्हची होडी लहान आणि बुटकी, दोन-तीन तास पाय आखडून बसावं लागतं, आणि गुहांतून जाताना वाकावं लागतं. गुडघ्यांना ते नको.

मोठी वादळं बहुधा जून-जुलैनंतर येतात. यागी आलं तेही २०२४च्या सप्टेंबरात. तरी बंदर खात्याने बोटी थांबवल्या तर पैसे परत मिळतील का, हे आरक्षणाआधी विचारून घ्या. आणि हा लाँग आधी, दा नांग नंतर असा क्रम ठेवा. उत्तरेत एखादा दिवस वाया गेला तरी मी सनला धक्का लागणार नाही, आणि परत हनोईला येऊन मुंबईचं विमान पकडायच्या आधी एक मोकळी संध्याकाळ हाताशी राहील.